निळ्या रॉकेलचे दोन कॅन

"कॅन खाली ठेव."

नाना मागं येऊन कधी उभा राहिला ते मला कळलंच नाही. टाकीचं झाकण माझ्या डाव्या हातात, पाच लिटरचा कॅन उजव्या हातात, आणि बर्फात बुटांचा आवाज होऊ नये म्हणून मी आपला चवड्यांवर. सकाळचे साडेसहा वाजलेले. सोनमर्ग. पुढं झोजिलाची खिंड.

"कसला कॅन?" मी विचारलं.

"तुझ्या हातात हाय त्यो."

"ह्यो व्हय? पाणी हाय, नाना. रेडिएटरला."

नानानं कॅनच्या तोंडाला नाक लावलं आणि तसाच माझ्याकडं बघत राहिला.

"रॉकेल," तो म्हणाला. "माझ्या टाकीत रॉकेल घालतोस?"

"चाचा म्हणाला म्हणून. वर लई थंडी हाय. आपलं खालचं डिझेल तिथं गोठतंय. रॉकेल मिसळलं की पातळ ऱ्हातं. इथं सगळं घालतात, नाना. ह्या येळंला खरं सांगतोय."

"तू खरं सांगताना कसा दिसतोस ते मी अजून बघितलेलं न्हाई."

आता ह्यात नानाची चूक नव्हती. परवाच जम्मूच्या अलीकडं नाका लागला, तेव्हा मी त्याला सांगितलं होतं की इथले पोलीस दात तपासतात, दात हलत असले तर डोंगरात गाडी नेऊ देत नाहीत. नाना खाली उतरला आणि त्या सरदार हवालदारापुढं आ वासून उभा राहिला. मागं गाड्यांची लाइन. हवालदारानं बिचाऱ्यानं बघितलंसुद्धा. म्हणाला, "बढिया हैं जी, एक कीडा लगा है." मी स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडेस्तोवर हसलो. नाना चार तास बोलला नाही.

तेवढ्यात चहाच्या खोपटातून हबीब चाचा ओरडला, "डालो, डालो! नहीं तो ऊपर डीजल का दही बन जाएगा!"

"ह्येला बी फितवलास व्हय?" नाना म्हणाला.

मला हसू आलं. खरंच आलं. तिथंच सगळं बिघडलं. नानानं माझ्या हातातून झाकण घेतलं, घट्ट फिरवलं, कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली.

"डिझेलमध्ये रॉकेल घालणारा एक तर चोर असतोय, न्हाई तर चोराचा भाऊ. कॅन देऊन ये म्हाताऱ्याला."

मी देऊन आलो.

नानाला रॉकेलचं एवढं का, ते आमच्या सांगलीच्या ट्रकस्टँडवर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्याचं पूर्ण नाव तातोबा. माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठा. अकरा वर्षांपूर्वी तो बाळगोंडा मालकाच्या गाडीवर होता. स्टँडवरची सगळ्यात नवी गाडी, मालकानं पेढे वाटून किल्ली नानाच्या हातात दिलेली. वर्षाच्या आत कराडजवळ इंजिन बसलं. मिस्त्रीनं टाकी खोलली तर निम्मं रॉकेल. रेशनचं, निळं. असं कोण करतं हे सगळ्यांना माहीत असतं. ड्रायव्हर डिझेल काढून विकतो आणि रॉकेलनं भर करतो. मालकानं पोलीस बोलावले नाहीत, शिवीसुद्धा दिली नाही. स्टँडवर सगळ्यांसमोर फक्त हात पुढं केला. नानानं त्यावर किल्ली ठेवली.

तेव्हापासून नाना दुसऱ्यांच्या मोडक्या गाड्या चालवायचा. रोज सकाळी टाकीत काडी बुडवून वास घ्यायचा. दारू नाही, तंबाखू नाही, पण दोन जेवणांच्या मध्ये कधीतरी तो एकदम म्हणायचा, "पेठ नाक्यावरच झालं आसंल. ढाब्यामागं गाडी हुती तवा. पण कोण?" मी म्हणायचो, "म्या." तो म्हणायचा, "गप ए."

असो. आम्ही तासगावचे बेदाणे जम्मूला उतरवले होते आणि तिथून कारगिलसाठी कांदा भरला होता. नोव्हेंबरचा शेवट. खिंड कधीही बंद होईल, अशातल्या शेवटच्या गाड्यांमधली आमची एक. सात वाजता नाका उघडला. सतरा गाड्या सोडल्या, आमची सतरावी, कारण नाना कोणाच्या पुढं घुसत नाही.

आणि गाडी कशी चालवली म्हणता! मी आयुष्यात पुष्कळ ड्रायव्हर बघितले, स्वतःही बरा आहे, पण त्या दिवसासारखी गाडी मी पुन्हा बघितली नाही. मागच्या चाकांना साखळ्या. चढाला दुसरा गिअर टाकला तो वरपर्यंत बदलला नाही. ब्रेकवर पाय नाही म्हणजे नाहीच. उतार आला की एक गिअर खाली, आणि इंजिनच्या जोरावर गाडी धरायची. पुढच्या गाडीच्या चाकोरीत चाक, दरीच्या बाजूला एक हात जागा सोडून. वळणाच्या आधी हॉर्न, वळणात नाही. कांद्याची बावीस पोती कमी भरली होती त्यानं मुद्दाम, जम्मूला दलालाशी भांडून. बॉनेटवर घोंगडं बांधलं होतं. डोंगरासाठी लोकांनी जे जे सांगितलं होतं ते सगळं त्यानं केलं. ते एक सोडून.

खिंडीचा माथा गेला. पलीकडं सपाटी लागली आणि बर्फ पडायला लागला. पडायला म्हणजे आडवा. पुढच्या गाडीचा मागचा दिवा दिसायचा, मग कधीकधी दिसायचा, मग गेला.

"हॉर्न दे," मी म्हणालो.

नानानं दिला. पुढून काही आलं नाही.

अकराच्या सुमाराला इंजिन दोनदा खोकलं. नानानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं नाही. इंजिन तिसऱ्यांदा खोकलं आणि बंद पडलं.

मग फक्त वारा.

"फिल्टर आसंल," नाना म्हणाला.

"आसंल."

आम्ही खाली उतरलो. नानानं फिल्टर खोलला. आत तुपासारखं साकळलेलं पिवळं. बोट घातलं तर बोटाला लागून वर आलं. नानानं ते बोट बराच वेळ धरून ठेवलं. बोलायला मला फार आवडतं, पण त्या वेळी माझ्या डोक्यात काही आलंच नाही. नुसतं पांढरं होतं, बाहेर होतं तसं.

"हँडब्रेक वढलाय का?" नानानं विचारलं.

"न्हाई. तूच म्हणालतास थंडीत चिकटतोय म्हणून."

"मग चाकाला दगड लावाय पायजे."

घाटातला माणूस. गाडी उभी राहिली की चाकामागं दगड, हे त्याच्या हाडात. सपाटी असली तरी. पण बर्फात दगड कुठला दिसतोय? नाना रस्त्याच्या कडेला गेला, तिथं एक उंचवटा होता, तो पायानं उकरायला लागला. मी आमचा चहाचा स्टोव्ह पेटवून फिल्टरखाली धरत होतो. कडकन आवाज आला. मला वाटलं गाडीचं काही तुटलं. वळून बघतो तर नाना कमरेपर्यंत खाली. तो उंचवटा ओढ्याच्या काठचा होता, वर बर्फाचा पापुद्रा आणि खाली वाहतं पाणी.

मी पालथा पडून त्याला ओढला. त्याची टोपी गेली. तो ओरडला नाही. फक्त म्हणाला, "आयला."

केबिनमध्ये आणून त्याची पँट काढली, बूट काढले, मोजे काढले. मोजे काढले तर ते तसेच पायाच्या आकाराचे उभे राहिले. माझी दुसरी पँट त्याला घातली, कांद्याची पोती रिकामी करून त्यात त्याचे पाय घातले, घोंगडं गुंडाळलं, वरून ताडपत्री. स्टोव्ह आत घेतला, काच बोटभर उघडी ठेवली. चाचानं सकाळी चहा देता देता मला सगळं सांगितलं होतं. अडकलात तर गाडी सोडून चालायला लागू नका, बर्फ साफ करणारा डोझर येतो, उशिरा येतो पण येतो. आणि भिजलेल्या माणसाला झोपू देऊ नका. थरथर आहे तोवर बरं. थरथर थांबली की समजा.

नाना लटलट कापत होता. दात वाजत होते. मी म्हणालो, "हवालदारानं बघितलेला किडलेला दात कंचा रं ह्यातला?"

"गप ए," नाना म्हणाला.

ते ऐकून बरं वाटलं.

एक वाजता स्टोव्ह फुरफुरला आणि विझला. त्याच्यातलं रॉकेल मी फिल्टरखाली निम्मं घालवलं होतं. मी नुसता स्टोव्ह हलवत बसलो. माझ्या हाताची बोटं कुठं संपतात आणि स्टोव्ह कुठं सुरू होतो ते कळेना झालं.

मी नानाला बोलतं ठेवलं. सांगलीपासून पुण्यापर्यंतची गावं म्हणायला लावली. तो म्हणत गेला, आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका... कराडपर्यंत आला आणि थांबला.

"कराडच्या म्होरं काय?"

"काय की."

"उंब्रज की रं!"

"आसंल."

मी गाणी म्हटली. चिमटे काढले. त्याची बायको हौसाकाकी गेल्या दिवाळीत मला काय म्हणाली ते तिच्याच आवाजात सांगितलं. आधी हसला, मग नुसता ओठ हलवला, मग तेही नाही. दोन वाजत आले असतील, तेव्हा माझ्या लक्षात आलं की केबिनमध्ये काहीतरी थांबलंय. बराच वेळ शोधलं काय ते. नानाचे दात वाजायचे थांबले होते.

"सर्ज्या," तो म्हणाला, अगदी शांत, "उकडाय लागलंय रं. ही ताडपत्री काढ."

"न्हाई काढायची."

"मग ऱ्हाऊ दे. जरा पडतो. गाव आलं की उठीव."

मी त्याला थोबाडीत मारली. त्यानं डोळे उघडले, बघितलं आणि मिटले. दुसरी मारली. ती त्याला लागलीच नाही. मलाही लागली नाही.

आणि मग मी ते बोललो. ठरवून नाही. तोंडाला जे आलं ते आलं.

"नाना, बाळगोंडा मालकाच्या गाडीत रॉकेल म्या घातलंतं."

काही नाही.

"पेठ नाक्यावर. ढाब्यामागं. दोन कॅन. निळं."

त्याचा एक डोळा उघडला.

"गप ए," तो म्हणाला, पण आवाज वेगळा होता.

"चेष्टा न्हाई करत."

हे खोटं होतं. साफ खोटं. त्या महिन्यात मी पेठ नाक्याला काय, स्टँडवरसुद्धा नव्हतो. अपेंडिक्स कापून मिरजेत दवाखान्यात पडलो होतो, बायको उशाला बसून होती. पण नानाचा दुसराही डोळा उघडला होता.

"पेठ नाक्याचं तर मीच सांगतोय अकरा वर्सं," तो म्हणाला. शब्द जड येत होते, पण येत होते. "ढाब्याचं बी मीच सांगितलंय. म्या न सांगितलेलं सांग."

"इचार."

"झाकणाला कुलूप हुतं. कसं काढलंस?"

"किल्लीनं."

"किल्ली माझ्याजवळ."

मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. पापण्या परत खाली यायला लागल्या होत्या. चुकीचं उत्तर दिलं असतं तर सर्ज्याची चेष्टा म्हणून तो झोपला असता. उन्हाळ्याचे दिवस होते ते, एवढं मला माहीत होतं. उन्हाळ्यात ढाब्यावर ड्रायव्हर काय करतो?

"तू हिरीवर आंघुळीला गेलतास," मी म्हणालो. "सदरा बाजंवर काढून ठेवलास. किल्ली सदऱ्यात."

वारा काचेवर आपटत होता. मला वाटलं संपलं.

"वरच्या खिशात," नाना म्हणाला.

"वरच्या खिशात."

"त्याच दिवशी. एरवी करगोट्याला आसती. त्याच दिवशी करगोटा तुटलाता." तो उठून बसला. अर्धा तास आडवा पडलेला माणूस हातांवर जोर देऊन उठून बसला. "म्या कुणाला सांगितलंच न्हाई कधी. माझ्या बी ध्यानात न्हवतं. अकरा वर्सं..."

"म्या बघितलंतं."

"डिझेल कुणाला इकलंस?"

"कुणाला न्हाई. वड्यात सोडलं."

"वड्यात?"

"वड्यात."

"मग का रं?" नाना म्हणाला. "का?"

चोरी केली म्हणावं तर पैसा दाखवावा लागतो. वैर म्हणावं तर वैर नव्हतं. माझ्याकडं एकच गोष्ट होती, जी जगातल्या कोणालाही माझ्याबद्दल पटली असती.

"चेष्टा केली," मी म्हणालो. "तुझी मजा बघायची हुती."

तो माझ्या अंगावर आला. पोत्यातल्या पायांसकट आला. त्याचे हात माझ्या गळ्याला होते, पण बोटं मिटत नव्हती, लाकडासारखे नुसते तळवे गळ्यावर आपटत होते. मी त्याला ढकललं, तो परत आला. त्याला शिव्या येत नव्हत्या, आयुष्यात कधी दिलेल्या नव्हत्या, म्हणून तो नुसता "तू, तू, तू" म्हणत होता. दमला की मागं कलायचा. तो कलला की मी बोलायचो.

"मालकानं हात म्होरं केला तवा मी पानपट्टीजवळ हुतो. हसाय येत हुतं."

परत यायचा.

"तुझ्या मेव्हण्यानं तुला चोर म्हटलं त्या बारशात, तवा बी मी हुतो."

परत.

"हौसाकाकी मला म्हणाली, सर्जा, माझा नवरा आसला न्हाई रं. मी म्हणालो, कुणाचं काय सांगावं, काकी."

हे शेवटचं मी का बोललो ते मला अजून कळत नाही. ते नसतं बोललो तरी चाललं असतं. तो तोवर चांगलाच जागा झाला होता, घाम आला होता त्याला, आणि दात परत वाजायला लागले होते.

साडेचारला डोझर आला. आधी पिवळा दिवा, मग आवाज. चार माणसं होती. त्यांनी दार उघडलं तर एक म्हातारा आणि एक तरणा गडी एकमेकांच्या मानेला धरून बसलेले. एकाला हसू आलं. म्हणाला, "लड़ किस बात पर रहे हो?"

नाना म्हणाला, "इसके साथ नहीं बैठेगा मैं."

त्यांनी त्याला डोझरच्या केबिनमध्ये घेतलं. मी मागं टपावर पोत्यात.

द्रासच्या दवाखान्यात नानाच्या डाव्या पायाची दोन बोटं काढली. बाकीचा नाना शिल्लक राहिला. डॉक्टर म्हणाला, जागा राहिला म्हणून. माझ्या बोटांना काही झालं नाही. फक्त तीन दिवस त्यांत काही कळत नव्हतं. चहाचा ग्लास धरायचो आणि धरलाय की नाही ते डोळ्यांनी बघून घ्यायचो.

खरं सांगायचं हे मी डोझरवरच ठरवलं होतं. सोपं होतं. जायचं आणि म्हणायचं, नाना, चेष्टा केली रं, तुला जागं ठेवायला. तो म्हणणार, गप ए. झालं. पण पहिले दोन दिवस त्यानं मला वॉर्डात येऊ दिलं नाही. मी पडद्याआडून दिसलो की तोंड भिंतीकडं.

तिसऱ्या दिवशी दहाला वॉर्डबॉय मला बोलवायला आला. मी आत गेलो. नाना खाटेवर ताठ बसला होता. दाढी केलेली. कुणाकडून तरी टोपी मागून घातलेली, काश्मिरी, त्याला मोठी होत होती. नर्स त्याच्या सदऱ्याचं गळ्याचं बटण लावत होती, कारण त्याच्या हातांच्या बोटांनाही पट्ट्या होत्या. डॉक्टरांनी आपल्या टेबलावरचा फोन वायर ओढून खाटेपाशी आणून ठेवला होता.

"बाळगोंडा मालक बोलणार हाईत," नाना माझ्याकडं न बघता म्हणाला. "सकाळी म्या सांगितलं त्येस्नी. त्येस्नी तुझ्या तोंडनं ऐकायचंय."

अकरा वर्षांत तो मालकाशी एक शब्द बोलला नव्हता. रस्त्यात मालकाची जीप दिसली तर हा गल्लीत वळायचा. आणि आता गळ्याचं बटण लावून बसला होता.

फोन वाजला. मी उचलला.

"कोण, सर्ज्या?"

"व्हय, मालक."

"तातोबा म्हणतोय ते खरं हाय का? का तुझी नेहमीची थट्टा? आत्ता सांग. मग मला फुडं काय करायचं ते करतो."

मी नानाकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत होता, तीन दिवसांत पहिल्यांदा. डोळ्यांकडं नाही, तोंडाकडं. पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवलेले.

"मालक..." मी म्हणालो.

"आरं पण थांब," मालक म्हणाले. ते हळू बोलत होते, काहीतरी आठवत. "त्या टायमाला तू मिरजंत न्हवतास का? आपिंडिक्सला? मी आलतो की मोसंबी घिऊन. तुझी बायकू हुती बसलेली. त्याच आठवड्यात इंजिन बसलं. माझ्या ध्यानात हाय."

आता नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. एक शब्द. पलीकडं काय म्हणतायत ते नानाला ऐकू येत नव्हतं. त्याला फक्त मी ऐकू येणार होतो.

त्याची टोपी कानावर घसरली होती आणि ती वर करायला त्याला हात नव्हते. तो तशीच घालून बसला होता.

"ते फुडल्या महिन्यात, मालक," मी म्हणालो. "दवाखाना नंतर. पेठ नाक्याचं माझंच हाय. दोन कॅन."

लाइन खरखरत होती.

"तातोबाला दे," मालक म्हणाले.

मी रिसीव्हर नानाच्या कानाला धरला, त्याला धरता येत नव्हता म्हणून. मालक काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. नाना "व्हय" म्हणाला. परत "व्हय" म्हणाला. मग म्हणाला, "न्हाई मालक, तसं कशाला, तुमची काय चूक." मग म्हणाला, "पाय बरा झाला की येतो. न्हाई, क्लच डाव्या पायानं दाबता येतोय, डॉक्टर म्हणतायत." आणि मग खूप वेळ नुसता ऐकत राहिला. माझा हात रिसीव्हरसकट त्याच्या गालाला लागलेला होता. गाल ओला होता का कोरडा ते मला माझ्या बोटांनी कळलं नाही.

मी फोन ठेवला.

"सर्ज्या," नाना म्हणाला, "माझ्या म्होरं परत येऊ नगंस."

"बरं."

तो आडवा झाला, टोपीसकट. मी दारापर्यंत जाईस्तोवर घोरायला लागला. नर्स गोळ्या घेऊन आली आणि त्याला हलवायला वाकली.

"रहने दो," मी म्हणालो. "सोने दो."

ह्याला आता पंचवीस वर्षं झाली. नानानं चौदा वर्षं मालकाची गाडी चालवली. स्टँडवर माझं नाव 'रॉकेल' पडलं. आधी लोक मागून म्हणायचे, मग पुढून म्हणायला लागले, आता पोरंसुद्धा 'रॉकेलकाका' म्हणतात आणि मी 'ओ' देतो. काही मालकांनी गाडी दिली नाही, काहींनी दिली आणि टाकीचं कुलूप बदललं. मी थट्टा करायची सोडली नाही. उलट वाढवली. थट्टेखोर माणसानं अशी एखादी थट्टा केली असेल, हे लोकांना पटत राहिलं पाहिजे.

नानाची गाडी मी लांबूनच ओळखायचो. पेट्रोलपंपावर ती आत येताना दिसली की मी मागच्या बाजूनं बाहेर पडायचो.

गेल्या साली श्रावणात नाना गेला. सकाळी निरोप आला. बायको म्हणाली, "आता तरी जाऊन या. आता काय हाय?"

मिरजेत उशाला बसलेली तीच ती. तिला सगळं ठाऊक आहे, कधी बोलली नाही.

"त्यानं सांगितलंय," मी म्हणालो, "म्होरं यायचं न्हाई म्हणून."

ती चूल-बंब बघायला आत गेली. मी बादली घेतली आणि गाडी धुवायला लागलो.